निनाव्यांचे तारीखभाऊ

तेलीबांध्याच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरणारी माणसं वजन कमी करायला येतात. मी पहिल्याच दिवशी तिथून वय वाढवून परत आलो, आणि त्याला कारण मारोतराव निनावे.

बायकोची रायपूरला बदली झाली म्हणून मीही आलो होतो. गावात कुत्रंही ओळखीचं नव्हतं. तलावाला निम्मी फेरी मारत मी फोनवर नागपूरच्या भावाशी मराठीत बोलत होतो. फोन खिशात ठेवला तेवढ्यात डोक्याला गमछा, पायात कॅनव्हासचे बूट आणि पोटावर ताणून बसलेला सदरा असा एक गृहस्थ समोर उभा राहिला. त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "तारीख?"

मला वाटलं, आजची विचारतोय. मी सांगितली.

"आजची मले माहीत आहे भाऊ. तुमची सांगा. जन्माची."

"एकोणतीस ऑगस्ट," मी म्हणालो. फोन हिसकावण्याची ही काहीतरी नवीन पद्धत असावी असा माझा समज होता.

गृहस्थाने डोळे मिटले. तलावातलं कारंजं थांबलं. बदकं पोहायची थांबली. भुट्टेवाल्याने पंखा हलवायचा थांबवला. मग डोळे उघडून तो अतिशय हळू आवाजात म्हणाला, "ध्यानचंद." थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिला. "आणि मायकल जॅक्सन. तरीच मी मघापासून पाहून राहिलो, हा माणूस समोर चालते, पण मागं गेल्यासारखा काहून दिसते."

त्यानंतर हात सोडण्याचा विषय निघाला नाही. भुट्टेवाल्याने शेगडी पेटवली, सगळे भुट्टे विकले आणि तो घरी गेला. एक जोडपं पहिल्या फेरीला भांडत गेलं, दुसऱ्या फेरीला हसत आलं आणि तिसऱ्या फेरीला त्यांच्याबरोबर चालायला लागलेलं मूल होतं. माझ्या दाढीचे खुंट पांढरे झाले. एवढ्या काळात मला कळलं की पृथ्वीवर एकोणतीस ऑगस्टला कोण कोण जन्मलं, त्यातलं कोण आगीत सापडलं, कोणाचं किती वेळा लग्न झालं, आणि हे सगळे आजपासून माझे कोण लागतात.

"तारीखभाऊ," मारोतराव म्हणाले. "गुरू एक असला का गुरुभाऊ होते ना? तसं हे तारीखभाऊ. बाई असली तर तारीखबहीण."

आता त्या तलावाकाठी माझा हात कोणी धरत नाही. फेरी वेळेवर पूर्ण होते. फोन खिशात शाबूत असतो.

मारोतराव एका सरकारी कचेरीत बाबू होते. मूळचे तुमसरजवळच्या एका खेड्यातले. वडिलांना रायपूरला काम मिळालं तेव्हा ते बैलगाडी, रेल्वे आणि आईची कंबर अशा तीन वाहनांनी इथे आले. आडनाव निनावे. ज्याच्या आडनावातच नाव नाही, त्याने जगातल्या सगळ्या नामवंतांशी नातं जोडायला निघावं, यात मला त्या माणसापेक्षा आडनावाचा दोष जास्त दिसतो.

नाद लागला तो लहानपणी, रेडिओवर सकाळी दिनविशेष सांगत त्यातून. पुढे वर्तमानपत्रं, पुढे टीव्ही. हे सगळं त्यांनी डोक्यात साठवलं, आणि डोक्यात दुसरं फारसं काही ठेवायची गरज सरकारी नोकरीत त्यांना पडली नसावी. कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाची जन्मतारीख अर्जावर असायचीच. मारोतराव अर्ज बाजूला ठेवून त्याला त्याचे तारीखभाऊ सांगत. अर्जाचं काम व्हायचं नाही, पण माणूस खुशीत परत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतंय याचं त्याला वाईट वाटायचं नाही. आमच्या इमारतीच्या गेटवरचा गार्ड अकरा ऑक्टोबरचा निघाला. अमिताभ बच्चन आणि जयप्रकाश नारायण हे आपले तारीखभाऊ आहेत हे कळल्यापासून तो गाड्यांना सलाम करायचा बंद झाला. नुसती मान हलवायचा.

घरात मात्र त्यांचा धंदा चालत नसे. प्रेमलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बारा डिसेंबरच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा मारोतरावांनी छाती फुगवून सांगितलं, "शरद पवार, गोपीनाथ मुंडे, रजनीकांत, युवराज सिंग. चौघं हिचे भाऊ."

वहिनी कप ठेवत म्हणाल्या, "चार भाऊ असून मले काय भेटलं ते पाहून राहिले ना तुम्ही, भाऊजी. समोरच बसलं आहे."

मारोतरावांचं यावर एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते रेल्वेचं होतं. त्यांच्या मते देव दररोज एक गाडी सोडतो. त्यात फर्स्ट क्लासला मोठी माणसं बसतात आणि जनरलमध्ये आपण. "पण गाडी एकच ना भाऊ. इंजन एक, डायवर एक. ध्यानचंद तिकडं गादीवर बसून राहिला, तुम्ही इकडं संडासापाशी उभे. उतरलो तर सारे एकाच टेशनावर उतरलो." माझ्या वाट्याला संडासाजवळची जागा का आली, हे मी कधी विचारलं नाही.

आणि त्यांची स्वतःची गाडी. ती एक जुलैची. ही तारीख उच्चारताना ते सदऱ्याचं वरचं बटण लावत. एक जुलैला पुसदचे वसंतराव नाईक, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया, बंगालचे डॉक्टर बिधानचंद्र रॉय. पण हे झाले नुसते तारीखभाऊ. मारोतरावांची खरी मिजास सालाची होती. त्यांचा जन्म एक जुलै एकोणीसशे एकसष्टचा, आणि त्याच दिवशी, त्याच साली, तिकडे इंग्लंडात डायना जन्मली आणि अमेरिकेत धावपटू कार्ल लुईस. "तिघं एकाच दिवशीचे. आमची आई इकडं, त्यायच्या आया तिकडं," असं ते सांगत, जणू तिन्ही बायका एकाच दवाखान्यात शेजारच्या खाटांवर होत्या. चौथी कल्पना चावला. तीही एक जुलै एकसष्ट. ती अवकाशात गेली तेव्हा मारोतरावांनी कचेरीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "बहीण वर गेली आहे." त्यावर निम्म्या लोकांनी पेढा परत ठेवून सांत्वन केलं.

डायना गेली त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी सोमवारी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, तारीखबहीण वारली. हा किस्सा मला कचेरीतल्या चौघांनी चार वेळा सांगितला, आणि चारही वेळा सांगणारा हसून हसून खाली बसला. मारोतरावांना विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. "आपल्यासोबतचं कोणी गेलं का वाटते ना भाऊ, आता आपला डब्बा बी खाली व्हायले लागला," एवढंच म्हणाले.

सख्खी बहीण त्यांना एकच होती. शेवंताबाई. त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. विदर्भातल्या पुष्कळ घरांत थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तसं मारोतराव तिला बाई म्हणत. ती रायपूरलगतच्या बीरगांवला राहायची, मुलगा यशदीप तिथल्या उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. या बाईला एक जुलै मान्य नव्हता. तिचं म्हणणं, मारोती तान्ह्या पोळ्याचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडाचे, मातीचे बैल घेऊन दारोदार फिरतात, तो तान्हा पोळा. छत्तीसगढातही पोळ्याला पोरा म्हणतात आणि मातीचे बैल पळवतात, त्यामुळे शेवंताबाईला इथे परकं वाटायचं काही कारण नव्हतं. दरसाल त्या दिवशी ती बीरगांवहून यायची. पदराखाली औक्षणाचं ताट, डब्यात बेसनाची तळलेली ठेठरी, आणि पिशवीत चाकाचा एक लाकडी बैल. मारोतरावांना पाटावर बसवायची, ओवाळायची, बैल त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "आज झाला माह्या भाऊ." मारोतराव ठेठरी खायचे आणि म्हणायचे, "बाई, माह्या जन्म एक जुलैचा आहे. किती खेपा सांगू तुले." ती म्हणायची, "हव, हव," आणि पुढल्या साली परत यायची.

एका साली मारोतरावांना तान्ह्या पोळ्याला सुट्टी मिळाली नाही. वहिनी माहेरी गेल्या होत्या. शेवंताबाई घराच्या कुलपाकडे पाहून थेट कचेरीत आली. तिने टेबलावरच्या फायली सरकवल्या, ताट मांडलं, निरांजन लावलं. पंख्याने ते विझलं. तिने शेजारच्या बाबूला सांगितलं, "पंखा बंद कर गा, माह्या भावाचा जन्मदिन हाय."

त्याच वेळी साहेब केबिनमधून बाहेर आले. ते म्हणाले, "निनावेजी, आपके जन्मदिन का केक तो हम एक जुलाई को खा चुके. साल में कितनी बार पैदा होते हैं आप?"

सगळी कचेरी हसली. मारोतराव खुर्चीतून उठले. कपाळाला कुंकू लागलेलं होतं, ते त्यांनी रुमालाने पुसलं, आणि साहेबांना म्हणाले, "अनपढ़ हैं सर. इन लोगों को गाय-भैंस ब्याने की तारीख याद रहती है, आदमी की नहीं।"

हे ते हिंदीत बोलले. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना "हिंदीत" या शब्दावर ते अडखळले. बाईशी त्यांनी जन्मात कधी हिंदीत बोललेलं नव्हतं. ती समोर उभी होती आणि तिला हिंदी चांगली समजत होती. तिने निरांजन पदराने पुसलं, ताट पिशवीत ठेवलं, बैल उचलला. डबा मात्र टेबलावरच राहू दिला. जाता जाता शेजारच्या बाबूला म्हणाली, "लाव गा पंखा."

पुढल्या तान्ह्या पोळ्याला ती आली नाही. त्याच्या पुढल्याही नाही. लग्नकार्यात भेटली की वहिनींशी बोलायची, मारोतरावांची चौकशी त्यांच्यासमोरच वहिनींकडे करायची. "तुह्या मालक बरा हाय का?" मालक तिथेच उभे असायचे.

मारोतरावांनी हे मनाला लावून घेतलं नाही. लावून घ्यायला त्यांना सवड नव्हती. हरिप्रसादांची पंच्याहत्तरी आली होती, ती त्यांनी शेजाऱ्यांना खिचडी वाटून साजरी केली.

मग ते रिटायर झाले. एक जुलैला जन्मलेला सरकारी माणूस तीस जूनला रिटायर होतो. समारंभाला मीही गेलो होतो. मंचावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या खोलीतून आणाव्या लागल्या, कारण त्या दिवशी एकट्या त्या खात्यातून एक अख्खी रांग निवृत्त होत होती. त्या रांगेतला प्रत्येक जण एक जुलैचा. वर्मा, साहू, निनावे, देवांगन, हार घालून एका ओळीत बसलेले. नव्या साहेबांनी भाषणात म्हटलं, "लगता है उस साल एक जुलाई को पूरे मध्य प्रदेश में और कोई काम ही नहीं हुआ, सिर्फ बच्चे हुए."

लोक हसले. मंचावरचेही हसले. साहूजींनी माइक घेऊन कबूलच केलं की शाळा एक जुलैला सुरू व्हायची, बाप पोराला घेऊन जायचा, मास्तर तारीख विचारायचे, बापाला ठाऊक नसायची, आणि मास्तर त्या दिवशीची तारीख टाकून वय अंदाजाने लिहायचे. "हम सब मास्टरजी के पैदा किए हुए हैं," साहूजी म्हणाले, आणि मग तर टाळ्या थांबेनात.

मारोतरावही टाळ्या वाजवत होते. पण परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून ते गळ्यातल्या हाराची फुलं एकेक करून रस्त्यावर टाकत होते. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या पिढीत कोणाला माहीत नव्हतं? पण दुसऱ्याची एक जुलै शाळेची असते आणि आपली जन्माची असते, असं मानायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. त्यात डायना बरोबर असेल तर अजिबात पडत नाहीत.

तरी ते सावरले असते. पण त्यांच्या मुलाने, स्वानंदने, निवृत्तीची भेट म्हणून त्यांना चांगला फोन घेऊन दिला. आता सगळ्या जगाचे वाढदिवस त्यांच्या तळहातावर आले. एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"कल्पना उतरली," ते म्हणाले.

"कुठे?"

"गाडीतून, भाऊ. तिची एक जुलै शाळेची आहे. परीक्षेले बसाले वय कमी पडे म्हणून लिहिली. खरी तारीख सतरा मार्च. बासष्ट साल." ते सोफ्यावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "पा ना. एवढी मोठी पोट्टी. चंद्रसूर्यापाशी जाऊन आली. पण तिच्या घरच्यायले खरी तारीख माहीत होती. कोणीतरी ध्यानात ठेवली होती."

मी म्हणालो, "अहो, मग बिघडलं काय? डायना आहे, कार्ल लुईस आहे."

"ते त्यायच्या गाडीत आहेत. मी कोणाच्या गाडीत बसून राहिलो?" पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मले माहीत आहे असं म्हणणारं एकच माणूस उरलं, आणि तिले मी काय म्हटलं ते तुम्हाले सांगितलं आहे."

हसण्यासारखंच होतं ते. बासष्टीचा माणूस, पायात एक काळी आणि एक तपकिरी चप्पल, आपला जन्म कधी झाला म्हणून रडवेला झालेला. मी हसलोही. मग स्कूटर काढली.

बीरगांवला शेवंताबाईच्या अंगणात तुळशीच्या पानांवर कारखान्याची काळी भुकटी बसली होती. बाई ओसरीवरच्या खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होती. केस पूर्ण पांढरे, नजर अधू. कोनाड्यात चाकाचा लाकडी बैल होता, त्याच्या एका शिंगाचा रंग उडालेला.

"बाई," मारोतराव म्हणाले.

"कोण हाय?"

"मी मारोती."

"कोणता मारोती? एक जुलैवाला?" तिने वर पाहिलंच नाही.

मारोतराव खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले. मी सुनेने आतून आणून दिलेल्या खुर्चीवर. बाई सुपातली डाळ निवडत राहिली.

"बाई, तू म्हणे ना, मी तान्ह्या पोळ्याचा."

"मी म्हणे. तू कुठी आयकत होता."

"आता आयकून राहिलो ना."

"आता रिटायर झाला म्हून आयकून राहिला. पयले टाइम नवता तुले. साहेब होते, सूब होते."

"चुकलं माह्यं, बाई."

"हिंदीत सांग," शेवंताबाई म्हणाली.

मारोतराव जमिनीवर सांडलेले डाळीचे दाणे वेचायला लागले. मी उठून अंगणात जावं असं मला वाटलं, पण माझ्या गुडघ्यांना ते वेळेवर सुचलं नाही. मग बाईनेच सूप बाजूला ठेवलं आणि आत पाहून चहा टाकायला सांगितला.

"बाई, फक्त साल सांग," मारोतरावांनी पुन्हा सुरुवात केली. "तान्हा पोळा दरसाल सरकते. कोणत्या सालचा ते कळलं का मी तारीख काढतो."

"तारीख काढून काय करशीन?"

"त्या दिवशी अजून कोण कोण झालं ते पाहीन."

"आनखीन कोण पायजे तुले? मी पायलं ना तुले. मी हाओ ना."

"तू तर आहेसच वो बाई. पण साल सांग."

तिने त्यांच्याकडे आता पहिल्यांदा नीट पाहिलं. हात पुढे करून त्यांच्या टकलावरून फिरवला. मला वाटलं, आता सांगते. ती म्हणाली, "असं नाही सांगत. पोळ्याले ये. तान्ह्या पोळ्याले. पाटावर बस, मी ओवाळीन, ठेठरी खा. मंग सांगीन."

"पोळा तर आताच होऊन गेला. वर्षभर थांबू का?"

"मी नाही थांबली का?"

परतताना मारोतराव खूश होते. वर्षानुवर्षांत कोणी त्यांना वाढदिवसाचं आमंत्रण दिलं नव्हतं, ते स्वतःच देत आले होते. उरल्याच्या ट्रकांच्या धुळीत तोंडाला गमछा बांधून ते माझ्या कानात ओरडत होते, "म्हणजे भाऊ, ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर! तुमच्या बाजूले बी येऊ शकतो मी! ध्यानचंदच्या गाडीत!"

त्या वर्षी त्यांनी एक जुलै साजरा केला नाही, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. एक जुलै आलाच नाही. मधले महिने ते जुनी पंचांगं शोधत फिरले. पोळा कोणत्या साली कोणत्या तारखेला पडला ते काढून प्रत्येक तारखेचे तारीखभाऊ त्यांनी आधीच पाठ करून ठेवले. कोणतीही गाडी आली तरी आपण फलाटावर तयार असावं म्हणून. तलावाकाठी लोकांचे हात धरणं त्यांनी थांबवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "आपलं तिकीट पक्कं होऊ द्या. मंग दुसऱ्याचं पाहू."

मधूनमधून वहिनी म्हणायच्या, "बीरगांव का लंडन आहे? रविवारी जाऊन या ना बाईकडे." मी दोनदा स्कूटर काढायला तयार होतो. मारोतराव म्हणायचे, "नाही. पोळ्याले बोलावलं आहे. पोळ्यालेच जाईन. या खेपी तिचं आयकतो." आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचं ऐकायचं ठरवलं आणि तेच नडलं.

मेच्या उन्हात ते बाजारातून आले, पंख्याखाली बसले आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. शेवंताबाईला यशदीप घेऊन आला. ती उशाशी बसून रडली. स्वानंदने वर्तमानपत्रात फोटो दिला, खाली जन्म एक जुलै. दुसरी तारीख कोणाकडे नव्हती.

तान्ह्या पोळ्याला मी बीरगांवला गेलो. वहिनी म्हणाल्या, "मले नाही होणार, तुम्हीच विचारून या. ह्यायच्यासाठी तरी विचारून या." रस्त्यात पोरं मातीचे बैल दोरीने ओढत होती. शेवंताबाईच्या घरात पाट मांडलेला होता. बाजूला ताट, निरांजन, ठेठरीचा डबा. बैल पाटावर ठेवला होता.

"बसा भाऊ," ती म्हणाली. पाटावर नाही, खुर्चीवर. डबा माझ्या हातात दिला.

मी एक ठेठरी खाल्ली. मग म्हणालो, "बाई, मारोतरावांना सांगणार होता ते मला सांगता का? साल कोणतं?"

"मले काय माहीत, भाऊ. मी काय शाळेत गेली?"

"मग तान्हा पोळा कसा ठाऊक?"

"तो माहीत हाय ना मले." ती पाटावरच्या बैलाचं चाक बोटाने फिरवत होती. "आईचं पोट मोठं झालं होतं, म्हून मले मामाच्या गावी धाडलं. पाणी लागलं होतं तवा, पेरणी चालू होती. मामानं पोळ्यापर्यंत ठेवून घेतलं. तान्ह्या पोळ्याले मामा गाडीवर घेऊन आला, मले हा बैल घेऊन देला. घरी आली तर आईच्या मांडीवर हा. म्या पयल्यांदा पायला. आई म्हने, हा तुह्या भाऊ. बैल म्या त्याले देऊन टाकला."

"म्हणजे त्या दिवशी जन्मले नव्हते."

"नाही ना. आंधीच झाला होता. मले तो त्या दिवशी झाला."

"हेच सांगणार होता त्यांना?"

"हव. हेच सांगनार होती. पाटावर बसला असता, ओवाळलं असतं, मंग सांगतली असती." तिने डोळे पुसले. "तवा नाही सांगतलं. म्हटलं, सांगतलं तर येनार नाही पोळ्याले."

मी विचारलं, "तुम्ही पाहिलं तेव्हा केवढे होते?"

"लहान होता. पण मान धरून राहिला होता."

मूल साधारण दोन-तीन महिन्यांचं झालं की मान धरायला लागतं. तान्ह्या पोळ्यापासून तेवढं मागे गेलं की जून संपतो आणि जुलै लागतो. मास्तरांनी टाकलेली तारीख बरोबर होती.